कोऱ्या फॉर्मवरची ‘दावण’

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी विद्यापीठात कॉम्प्युटर दुरुस्त करते. सिरसाळ्यात कुणाचा टीव्ही बिघडला, कुणाचा मोबाईल पाण्यात पडला, की त्या शेजारणीला सांगायच्या, “थांब, आमची सून सुट्टीला आली की दावू.” मी घरी पोचेपर्यंत ओट्यावर बंद पडलेल्या वस्तूंची पिशवी तयार असायची. एकदा मी त्यांना नीट समजावून सांगितलं. म्हटलं, “आई, मुलं कॉम्प्युटरवर जे प्रोग्राम लिहितात, ते कुणाच्या मालकीचे हे बघणं माझं काम आहे.” त्या म्हणाल्या, “लिवतंय त्याचंच आसंल की. त्याला पगारी माणूस कशाला लागतंय?”

इतकं सोपं असतं तर मला अकरा वर्षं त्या टेबलावर काढावी लागली नसती. आमच्या विद्यापीठाच्या बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्रात परीक्षा विभाग आणि स्टोअररूमच्या मधे एक टेबल, दोन कपाटं आणि एक डुगडुगणारी खुर्ची होती. वर पाटी ‘बौद्धिक संपदा कक्ष’. कक्ष म्हणजे मीच. बदली होऊन आले तेव्हा मलाही त्या पाटीचा अर्थ धड माहीत नव्हता. कायद्याचं पुस्तक घरी नेलं आणि भाजी निवडता निवडता वाचलं.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर गोष्ट अशी. कायदा कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला पुस्तकासारखं धरतो. ज्यानं लिहिलं तो पहिला मालक. पण पगार घेऊन, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर मालक नोकरी देणारा. प्राध्यापकांपुरतं हे सरळ आहे. पंचाईत होते ती विद्यार्थ्यांची. विद्यार्थी पगार घेत नाही, उलट फी भरतो. पण लॅब विद्यापीठाची, वीज विद्यापीठाची, आणि शिकवणारे सरही विद्यापीठाचे. म्हणून विद्यापीठ त्याच्याकडून लिहून घेतं की माझं अमुक काम मी तुम्हाला दिलं. त्या कागदाला आम्ही हस्तांतराचा फॉर्म म्हणायचो. कोणतं काम दिलं त्याचं नाव त्यावर असावंच लागतं. नाव नसेल तर तो कागद भेळ बांधायच्या लायकीचा.

या टेबलावर माणसं नाना प्रकारची आली. एका सरांनी विद्यार्थ्यानं लिहिलेल्या प्रोग्रामवर पहिलं नाव स्वतःचं घातलं होतं, दुसरं विद्यार्थ्याचं आणि तिसरं स्वतःच्या बायकोचं. मी विचारलं, “वहिनींनी यात काय केलं?” ते म्हणाले, “मॅडम, रात्रंदिवस चहा दिला हो.” म्हटलं, मग कँटीनच्या मामांचं नाव घालावं लागेल, त्यांचा चहा जास्त झालाय. सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या एका गृहस्थांनी आपला प्रोग्राम कुणी चोरू नये म्हणून पाकिटाला पाच ठिकाणी लाख लावून, कचकचून शिक्के मारून आणला होता. उघडला तर आतल्या सीडीचे दोन तुकडे. शिक्क्याचा जोर जरा जास्तच झाला होता.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती माझ्या फजितीची आहे.

त्या साली सलग दुसऱ्यांदा पावसानं तोंड फिरवलं होतं. जिकडंतिकडं चारा छावण्या उभ्या राहिल्या. नांदूरघाटकडच्या एका गावात तिथल्या सहकारी दूध संस्थेनंच छावणी चालवायला घेतली होती. गावोगावची जनावरं एकाच माळावर, शेडनेटच्या सावलीत, दावणीला बांधलेली. त्या भागातली रेखा आमच्याकडे एम.एस्सी. कॉम्प्युटर करत होती. अंगानं किडकिडीत, बोलायला फटकळ. एके दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, मी एक प्रोग्राम केलाय. त्याची नोंद करायची हाय. नाव ‘दावण’.”

तिनं सांगितलेली हकिकत अशी. छावणीत लाळ्या-खुरकुताची लस द्यायची होती. डॉक्टरांनी प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला मारला आणि कुणाला लस दिली ते नंबरावरून लिहून ठेवलं. आठ दिवसांत निम्मे बिल्ले गायब. काही कान खाजवताना खांबाला अडकून तुटले, काही बायकांनीच काढून टाकले, कारण गाईच्या कानातून रक्त आलेलं त्यांना बघवेना. परिणाम काय, तर एका म्हशीला दोनदा सुई बसली आणि शेजारची तीन जनावरं तशीच राहिली. त्यातली एक गाय खुरकुतानं गेली. ती रेखाच्या मावशीची होती.

मग तिला ज्ञानोबा तात्या भेटले. तात्यांनी उभी हयात गावची गुरं वळण्यात घालवलेली. अक्षरओळख नाही, पण चारशे जनावरांतलं एकही त्यांना परकं नव्हतं. रेखानं त्यांच्यामागं महिनाभर हिंडून ते कसं ओळखतात ते काढून घेतलं आणि त्याचे बारा प्रश्न केले. रंग कोणता, तांबडा, कोसा की बांडा? शिंगं कशी? कपाळावर केसांचे भोवरे किती आणि डोळ्यांच्या वर की खाली? शेपटीचा गोंडा काळा की पांढरा? अशी बारा उत्तरं मोबाईलवर दिली की जनावर सापडायचं. त्याचा मालक, त्याचं आजारपण, त्याची लस, सगळं पुढ्यात. बिल्ला नसला तरी अडत नव्हतं.

मला खरं वाटेना, म्हणून मी शनिवारी छावणीवर गेले. तात्या एका बांड्या कालवडीपाशी उभे होते. मी म्हटलं, “तात्या, नंबर बरा नव्हता का? सोपा पडतो.”

“बाई,” ते म्हणाले, “नंबरानं हाक मारली तर गाय वळून बघती का? नारायणगडाच्या शपतंवर सांगतो, गाय आपलं नाव आंगावरच घिऊन जल्मती. बघणाऱ्याला दिसलं पायजे.”

“पण हे सगळं या पोरीला कसं सांगितलंत?”

“म्या कशाला सांगतोय? ती इच्चारतच ऱ्हाती. हे कावून, ते कावून. माजं डोस्कं खाल्लं लेकीनं.” हे म्हणताना तात्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की डोकं आणखी खाल्लं असतं तरी चाललं असतं.

मी परत येऊन रेखाच्या प्रोग्रामची नोंद केली. इथवर मी शहाण्यासारखी वागले होते.

आता माझी पद्धत सांगते. आमच्याकडची मुलं चाळीस-पन्नास किलोमीटरवरून एसटीनं यायची. नुसत्या एका सहीसाठी पुन्हा फेरी पडू नये म्हणून प्रवेशाच्या दिवशीच मी सगळ्या फॉर्मांवर त्यांच्या सह्या घेऊन ठेवायचे. हॉस्टेलचा, लायब्ररीचा, रॅगिंग करणार नाही याचा, आणि त्याच गठ्ठ्यात हस्तांतराचा. कामाच्या नावाची जागा कोरी. पुढं कुणी काही बनवलंच तर नाव आपण भरू. “इथं, इथं आणि इथं कर सही,” असं मी बोटानं दाखवायचे आणि पोरं करायची. या पद्धतीचा मला अभिमान होता. दुसऱ्या उपकेंद्रातले लोक बघायला आले होते, आणि मी त्यांना कपाट उघडून दाखवलं होतं.

‘दावण’ची बातमी कुठून तरी पुण्यातल्या एका कंपनीला लागली. त्यांना ती हवी होती, आणि एकट्यांनाच हवी होती. कुलसचिव साहेबांनी फाईल मागवली. मी कपाटातून रेखाचा फॉर्म काढला, कोऱ्या जागेत माझ्या वळणदार अक्षरात ‘दावण’ असं लिहिलं आणि फाईल वर पाठवली. आमच्या उपकेंद्रातून पहिल्यांदाच एक प्रोग्राम बाहेर जाणार होता. पेपरात फोटो येईल, मी मागच्या रांगेत का होईना उभी असेन, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, कोणती साडी नेसायची तेही ठरवलं होतं.

करारावर सह्या गुरुवारी व्हायच्या होत्या. सोमवारी रेखा आली. तिच्या हातात कंपनीच्या मसुद्याची प्रत होती. त्यात दोन गोष्टी ठळक लिहिल्या होत्या. सह्या झाल्या की छावणीतली ‘दावण’ त्याच दिवशी बंद करायची, आणि रेखानं यापुढं तसला प्रोग्राम लिहायचा नाही. छावणीत लशीचा दुसरा डोसही गुरुवारीच होता.

“मॅडम, मी कधी दिलं यांना?”

मी फॉर्म तिच्यापुढं ठेवला. “ही बघ तुझी सही.”

तिनं तो उलटसुलट केला. मग शांतपणे म्हणाली, “ही सही मी ॲडमिशनच्या दिवशी केलती. तवा ‘दावण’ कुठं होती? माझ्या मावशीची गाय पण जिती होती तवा.”

कायदा मला पाठ होता. कोणतं काम दिलं त्याचं नाव सही करताना कागदावर हवं, हे मी दरवर्षी मुलांपुढं भाषणात सांगत होते आणि भाषण संपलं की त्याच मुलांच्या कोऱ्या सह्या घेत होते. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही. चोरी करायची म्हणून कुणी केलं असतं तर पकडलं गेलं असतं. मी सोय म्हणून केलं, म्हणून ते चालून गेलं.

“छावणीत अण्णा काय म्हणतात?” मी विचारलं. अण्णा म्हणजे दूध संस्थेचे चेअरमन.

“ते म्हणतात, विद्यापीठाशी भांडायची आपली ऐपत न्हाई. गुरुवारी सुया अंदाजानं मारू.” एवढं बोलून ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी साहेबांकडं जाऊन बुधवारी बैठक बोलवायची विनंती केली. कारण विचारलं तेव्हा फक्त म्हटलं, “फॉर्मबद्दल एक अडचण आहे.” निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. यजमान म्हणाले, “तू गप्प राहिलीस तर कुणाला कळणार आहे?” ते चांगले आहेत, पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं.

बुधवारी साहेब, दोन प्राध्यापक, कंपनीचा एक तरुण अधिकारी, रेखा आणि चेअरमन अण्णा असे सगळे बसले. साहेबांनी फाईल चाळली आणि म्हणाले, “विद्यार्थिनीची सही आहे, कामाचं नाव आहे. कागद चोख आहे. यात अडचण काय?”

मी उभी राहिले. “साहेब, सही घेतली तेव्हा फॉर्म कोरा होता. नाव मी गेल्या आठवड्यात लिहिलं. अक्षर माझं आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. “असे किती फॉर्म आहेत?”

“सगळेच, साहेब.”

एका प्राध्यापकांना ठसका लागला. कंपनीच्या तरुणानं पेन खाली ठेवलं. साहेबांनी तो फॉर्म फाईलमधून काढला आणि बाजूला ठेवला. मला त्या माणसाचं हेच कौतुक वाटतं. ते तो परत फाईलमध्ये सरकवू शकले असते.

“म्हणजे मालकी मुलीची,” ते म्हणाले. “पण लॅब आमची वापरली, तिचं काय? आणि कंपनीला तर एकटीला हवंय.”

इथं सगळे एकदम बोलायला लागले. कलमं, पोटकलमं, धोरण. अण्णा इतका वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होते. ते म्हणाले, “साहेब, आमी अडाणी माणसं, पण सातबारा कळतो. मालकाचं नाव वर आसतंय. खाली इतर हक्क लिवत्यात. ह्याचा हिरीत वाटा, त्याची बांधावरून वाट. जमीन इकली तरी वाट बंद व्हत न्हाई. तुमच्या कागदाला इतर हक्काचा रकाना न्हाई का?”

अकरा वर्षं मी मालकी म्हणजे कुणातरी एकाची, एवढंच बघत आले होते. दिलं किंवा नाही दिलं. अण्णांनी विचारल्यावर मला कळलं की अशा रकान्याला कुणी मनाई केलेली नाही, आम्हीच कधी आखला नव्हता.

त्या दुपारी आम्ही तो आखला. मालक रेखा. विद्यापीठाला शिकवण्यासाठी वापरायचा हक्क आणि पहिल्या पानावर नाव. सहकारी संस्थांच्या छावण्यांना ‘दावण’ कायम मोफत, मालक पुढं कुणीही होवो. कंपनीला वापरायची परवानगी, पण एकटीला नाही. तरुणानं पुण्याला तीन फोन केले. तिसऱ्या फोननंतर तो म्हणाला, “आमचे साहेब तयार आहेत. पण छावणीत आमचा माणूस एकदा बघून जाईल.” रेखा म्हणाली, “बघू द्या की. उद्याच या. दुसरा डोस हाय.”

मग तिनं आणखी एक गोष्ट काढली. तात्यांचं नाव. मी तिला समजावलं की कायद्यात नुसत्या ज्ञानाला मालकी नसते, लिहिलेल्या मजकुराला असते, आणि मजकूर तिनं लिहिलाय. ती म्हणाली, “मालकी नका देऊ. पण गुरं वळखायला त्यांनी शिकवलं, एवढं तरी लिवा.” तेवढं लिहिता येत होतं. फक्त नाव वापरायला तात्यांची संमती हवी होती.

माझ्या सेवापुस्तकात त्या कोऱ्या सह्यांबद्दल एक शेरा आहे, ‘कर्तव्यात निष्काळजीपणा’. तो योग्यच आहे. पुढच्या महिन्याभरात मी सगळे कोरे फॉर्म रद्द केले आणि ज्याचं त्याला पत्र पाठवून कळवलं. काही मुलांनी उलट पत्रातून विचारलं की आम्ही असा काही फॉर्म भरला होता का?

गुरुवारी सकाळी आम्ही छावणीवर गेलो. कंपनीचा तरुण बूट घालून आला होता आणि शेणात पाय पडू नये म्हणून उड्या मारत चालत होता. डॉक्टर लशीची पेटी उघडून बसले होते. मी तात्यांपुढं संमतीचा कागद ठेवला आणि सवयीनं बोट टेकवलं, “इथं आणि इथं अंगठा.”

तात्या म्हणाले, “काय लिवलंय?”

“तुमचं नाव लागणार आहे, तात्या. चांगलंच आहे.”

“आसंल. पर वाचा की.”

मी शेडनेटखाली उभी राहून वाचायला लागले. कागद कंपनीच्या मसुद्यावरून उतरवलेला होता, म्हणून मी एकेक वाक्य साध्या मराठीत सांगत होते. बायका पाण्याच्या बादल्या ठेवून ऐकायला थांबल्या. चौथ्या कलमापाशी मी अडखळले. जनावरांच्या वर्णनाची सर्व माहिती गोपनीय राहील आणि संमती देणारी व्यक्ती ती इतर कुणास सांगणार नाही, असं लिहिलं होतं. जुन्या मसुद्यातलं कलम तसंच राहून गेलं होतं. आदल्या दिवशी ते मी स्वतः टाईप केलं होतं, वाचलं नव्हतं.

“म्हंजी?” तात्या म्हणाले. “माज्या नातवानं इच्चारलं, आज्या ही गाय कंची, तर म्या तोंड शिवून बसायचं?”

बायका हसल्या. अण्णा हसले. कंपनीचा तरुण लाल झाला आणि मग तोही हसला. त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं, चौथ्या कलमावर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. मला हसू आलं नाही. लाज वाटली, आणि लाजेबरोबर एक मोकळेपणाही वाटला. पहिल्यांदाच मी एखादा कागद ज्याचा त्याला पूर्ण वाचून दाखवत होते आणि तो सुधारतही होता. उरलेली कलमंही मी वाचली. तात्या मधे मधे “हां” म्हणत होते. शेवटचं वाक्य झाल्यावर ते म्हणाले, “आता कळलं. आना शाई.”

अंगठा लावून त्यांनी बोट खांद्यावरच्या गमज्याला पुसलं. तिकडं डॉक्टरांनी सुई भरली आणि विचारलं, “पहिलं कोणतं घेऊ?”

रेखानं मोबाईलवर बघितलं. “तांबडी, शिंगं मागं वळल्याली, काळा गोंडा. डोळ्याच्या वर दोन भोवरे. हिला पहिली सुई चुकली होती.”

तात्यांनी मान न वळवता चौथ्या खांबाकडं बोट केलं. कंपनीचा तरुण दोन पावलं पुढं गेला आणि गाईनं शिंग हलवताच मागं आला. मग मीच गेले. गाईच्या कपाळावर हात ठेवला. कान फाटलेला होता आणि बिल्ला नव्हता. मी केस बोटानं बाजूला करून बघितलं. दोन भोवरे होते. मी डॉक्टरांना म्हटलं, “हीच आहे, द्या.”